निवडुंगातली घरे

१९१० साल उजाडले तेव्हा लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर चाळिशीत होते आणि बसलेली घडी मोडून गाव सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. बेळगावातल्या ठळकवाडीत त्यांचा लहानसा कारखाना होता. कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर तिथे तयार होत. मोठ्या कष्टाने गिऱ्हाईक मिळू लागले होते. नेमकी तीच जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. शहर वाढत होते, घरांना जागा कमी पडत होती, तेव्हा कारखान्याने तिथून उठावे असे ठरले. आपल्याकडे कारखाना आला की त्याच्यापाठोपाठ घरांचा प्रश्न येतो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत घरांचा प्रश्न आधी आला आणि त्याने कारखान्यालाच रस्त्यावर आणले.

मी कुपवाडचा. सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधोमध आमचे गाव. शेतांच्या जागी औद्योगिक वसाहत झाली, जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळी गावांतून माणसे कामाला आली, आणि १९९८ साली तीन गावांची मिळून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकाही झाली. माझे वडील वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर होते. आम्ही सहा माणसे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. कारखान्यांना माणूस हवा होता, पण पाळी सुटल्यावर त्याने पाठ कुठे टेकायची, याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा होता. म्हणूनच असेल, मिरजेहून पुण्याकडे निघालेली पॅसेंजर सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी करीत किर्लोस्करवाडीला थांबली की मी लहानपणापासून खिडकीबाहेर पाहत आलो आहे. कारखान्याच्या मालकाने कामगारांसाठी गाव वसवले, असे वडील सांगायचे. त्यांच्या आवाजात कौतुक असे, आणि थोडी असूयाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच कुळातले. वडील काशिनाथपंत वेदान्ती, ग्रंथांत रमणारे. धाकट्या मुलाचे मन मात्र चित्रांत आणि कळीच्या खेळण्यांत. अशा घरातून मुलगा चित्रकला शिकायला मुंबईला जाणार, हे वडिलांना रुचले नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून लक्ष्मणराव जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तिथे एक विचित्र गोष्ट उघडकीला आली. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा तडाखा कोणता? पण रेघ त्यांची पक्की होती. रंग सोडून त्यांनी यांत्रिक आरेखन धरले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. शिकवता शिकवता यंत्रशाळेतली यंत्रे त्यांनी हाताखालून घातली. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिके वाचण्याची सवय लागली ती तेव्हाची.

मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा जोडधंदा भावांनी सुरू केला होता. किर्लोस्करांचा उद्योग आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती या सायकलींपासून. १८९७च्या सुमारास बढतीची संधी आली, तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा असताना जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. ते राजीनामा देऊन बेळगावला परतले. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. मला त्यात दुसरेही काही दिसते. ठरलेला पगार आणि मुंबईतले बिऱ्हाड सोडून बायकामुलांसह गावी परतणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडणे. असे त्यांनी एकदा केले होते, म्हणूनच पुढे दुसऱ्यांदा करता आले असावे.

लोखंडी नांगराची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. १९०३च्या सुमारास पहिले नांगर तयार झाले, पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाचा फाळ जमिनीत गेला तर जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. काही काळ नांगर तसेच पडून राहिले. मग एकाने नेला, त्याचे रान चांगले उखडले, आणि बांधावरून बांधावर बातमी गेली. धंद्याला असे पाय फुटत असतानाच ठळकवाडी सोडण्याची वेळ आली.

इथे औंधचे राजे आले. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. त्यांची आणि लक्ष्मणरावांची ओळख होती, औंधला एका बांधकामाचे काम लक्ष्मणरावांनी केले होते. औंध संस्थान म्हणजे एक सलग मुलूख नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे इतर संस्थानांत आणि इंग्रजी मुलखात विखुरलेले. त्यातल्या कुंडलच्या तुकड्यात, कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनाजवळ, बत्तीस एकर माळ राजांनी देऊ केला. कर्जाऊ रक्कमही दिली. माळ कसा होता? निवडुंगाने भरलेला, आणि निवडुंगाच्या आसऱ्याने नाग. पाण्याची वानवा. जवळ वस्ती नाही. ज्याला फक्त कारखाना काढायचा आहे, असा माणूस ही जागा पाहून परत फिरला असता.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस मानतात. लक्ष्मणरावांबरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे आली. हा कुटुंबांचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कामगार एकटा आला असता तर एका छपराखाली वळकट्या टाकून भागले असते. मुंबईच्या गिरण्यांनी तेच केले होते. गडी चाळीतल्या खोलीत, बायको कोकणात किंवा घाटावर, आणि दोघांच्या मध्ये मनीऑर्डर. लक्ष्मणरावांनी बेळगावची माणसे चुलीसकट आणली. चूल आली की पाणी हवे, जळण हवे, पोरांना शाळा हवी, बाळंतिणीला आडोसा हवा, दुखलेखुपले तर औषध हवे. कुटुंबे आणायचे ठरले त्या दिवशीच गाव वसवणे भाग झाले. पहिले दिवस तात्पुरत्या निवाऱ्यांत गेले. निवडुंग तोडायचा, नाग मारायचे, भट्टी पेटवायची आणि भिंती उभ्या करायच्या, हे सगळे एकाच वेळी चालू होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि बरोबरच्या बायकांनी त्या उन्हाळ्यात काय काय सोसले असेल, ते लिहून ठेवण्याची त्या काळी पद्धत नव्हती. मार्चमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या उघड्या माळावर ज्याने एक दुपार काढली आहे, त्याला थोडी कल्पना येईल.

गावाची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. लक्ष्मणराव यंत्रांत, रामूअण्णा रस्त्यांत, पाण्यात आणि घरांत. इंजिन आणि यंत्रे सांभाळायला शंभूराव जांभेकर, पत्रव्यवहार आणि हिशेब पाहायला मंगेशराव रेगे, शाळेत मन न रमलेले पण हात विलक्षण चालणारे अनंतराव फळणीकर, अशी माणसे भोवती होती. यांतल्या बहुतेकांना बाहेर कोणी मोठ्या पदावर घेतले नसते. पदवी पाहायची नाही, हात पाहायचा, ही लक्ष्मणरावांची रीत होती, आणि ज्याचा हात पाहिला त्याला घर दिले की तो टिकतो, हे त्यांना उमगले होते. आडरानात कुशल माणूस राहायचा तर पगारापेक्षा घराने राहतो. यात दयाबुद्धी किती आणि धंद्याचे गणित किती, असा प्रश्न विचारता येईल. मला वाटते, ते वेगळे करण्याची त्यांना कधी गरजच भासली नाही.

तोच काळ जगभर अशा गावांचा होता. इंग्लंडात चॉकलेटवाल्या कॅडबरींनी बोर्नव्हिल वसवले होते, साबणवाल्या लिव्हरने पोर्ट सनलाइट. आपल्याकडे टाटांचे साकची म्हणजे आजचे जमशेदपूर त्याच सुमारास आकार घेत होते. पण त्यांच्यामागे मोठे भांडवल होते. इथे हाताशी नांगराचे उत्पन्न आणि राजाचे कर्ज. थोड्याच वर्षांनी, १९१६ साली, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि तिथेही ओगलेवाडी उभी राहिली. सातारा-सांगलीच्या या टापूत कारखान्याच्या नावाच्या अशा दोन वाड्या झाल्या. ओगल्यांचा प्रभाकर कंदील आणि किर्लोस्करांचा नांगर एकेकाळी एकाच घराच्या पडवीत असत.

किर्लोस्करवाडीत शिवाशिव चालणार नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१०च्या दशकातला हा नियम आहे. एका वेदान्ती ब्राह्मणाच्या मुलाने, खेड्याच्या शेजारी, संस्थानी मुलखात तो केला. त्याहून धाडसाची गोष्ट रखवालदारांची. रामोशी आणि मांग समाजातल्या, तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमले. त्या काळी गुन्हेगार जमातींचा कायदा होता. जन्मानेच माणसाला चोर ठरवणारा हा कायदा १९५२ साली रद्द झाला. शेजारच्या सोलापुरात अशा जमातींना कुंपण घातलेल्या वसाहतीत ठेवले जाई, हजेरी घेतली जाई. त्याच काळात किर्लोस्करवाडीत सगळे गाव ज्यांच्या भरवशावर झोपायचे, ती माणसे त्याच शिक्क्याची होती. पुढे १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली, जिथे शिक्षा झालेला माणूस बायकामुलांसह राहून शेती करतो. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तीच वसाहत. माणसाला घर दिले की तो पळत नाही, ही गोष्ट या संस्थानाच्या हद्दीत दोन ठिकाणी अजमावून पाहिली गेली.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे आटले. एका बाजूने देशी मालाला मागणी वाढली, दुसऱ्या बाजूने कच्चे लोखंड मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही हकिकत आमच्या भागात अजून सांगतात. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३०मध्ये ‘स्त्री’, १९३४मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच माळावरून निघाली. आपल्या आज्यांनी जी मासिके दुपारच्या वेळी वाचली, ती मुंबई-पुण्यात नव्हे, पूर्वी निवडुंग असलेल्या एका खेड्यात छापली जात होती. गावात शाळा होती, टपाल कचेरी होती, वाचनालय होते, नाटके होत. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला शिकून १९२६मध्ये परतले आणि नांगराच्या जोडीला पंप आणि तेलावरची इंजिने आली. विहिरीवरचे इंजिन आणि ऊस यांची आमच्याकडे जी जोडी जमली, तिची सुरुवात इथली.

आता थोडे खटकणारे. किर्लोस्करवाडीची जमीन कारखान्याची, घरही कारखान्याचे. घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. तीस वर्षे ज्या अंगणात तुळस लावली, ते अंगण निवृत्तीनंतर दुसऱ्याचे होते. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तर हे बोचत नाही, पण मालक बदलतो, धंदा बदलतो, काळ बदलतो. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर चाळींचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. लक्ष्मणरावांनी माणसाला घर दिले, घराची मालकी दिली नाही. त्या काळी हा प्रश्न कोणाच्या मनात आला नसेल. मी कुपवाडचा असल्यामुळे माझ्या मनात तो आल्याखेरीज राहत नाही.

कारण आमच्याकडे नेमके उलट घडले. आमच्या वडिलांच्या पिढीला घर कोणी दिले नाही, त्यांनी मालकीच्या मागे धावून जमेल तसे मिळवले. रीतसर बिगरशेती झालेला प्लॉट परवडत नव्हता. मग कोणी शेतकरी आपल्या रानाचे तुकडे पाडी, आणि लोक गुंठा-दीड गुंठा घेत. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचा इतका लहान तुकडा विकता येत नव्हता, म्हणून खरेदीखत होत नसे. स्टॅम्प पेपरवर करार, दोन साक्षीदार, आणि विश्वास. सातबारावर नाव शेतकऱ्याचेच. नाव नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून भिशी, पतसंस्था आणि आईच्या पाटल्या. आमचे घर असेच झाले, आधी एक खोली, चार वर्षांनी दुसरी, आणि पत्र्याच्या जागी स्लॅब पडायला माझे लग्न यावे लागले. आमच्या गल्लीत काळी जमीन. पावसाळ्यात वडील सायकलवर न बसता सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जात. शेवटी गल्लीतल्या घरांनी वर्गणी काढली, चार ट्रॉल्या मुरूम टाकला आणि रविवारी सगळ्यांनी मिळून पसरला. बोअरही सामाईक मारली. तिच्या पाण्यावरून भांडणे झाली आणि तिच्याच पाण्यावर लग्नेही पार पडली.

याला गुंठेवारी म्हणतात. सांगली, मिरज, कुपवाडचा मोठा भाग असाच वसला आहे. राज्याने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, त्यासाठी १ जानेवारी २००१ ही मुदत ठरवली, आणि २०२१मध्ये ती ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे नेली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत लोक थांबले नाहीत, गुंठे घेतच राहिले. दुसरे काय करणार होते? २००५चा पूर झाला, २०१९चा झाला. कृष्णेचे पाणी घरात शिरलेला माणूस उंचावरची जागा शोधतो, आणि शोधणारे वाढले की गुंठ्याचा भावही चढतो.

सरकारने कामगारांच्या घरांचा विचार केला नाही असे नाही. औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना १९५२ सालची आहे. पण तिची घरे किती झाली आणि माणसे किती होती, यातले अंतर कोणत्याही कामगार वस्तीत फिरून समजते. मला जास्त आशादायक वाटते ते सोलापूर. तिथल्या विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर, स्वतःची वर्गणी आणि सरकारी अनुदान जोडून, कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ साली घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथे माळ होता, तसा तो किर्लोस्करवाडीतही होता. तिथे मालक नव्हता. घर बाईचे, आणि विड्या वळणे थांबले तरी तिचेच. लक्ष्मणरावांनी ही वसाहत पाहिली असती तर आधी पाण्याची सोय कशी केली ते विचारले असते, असे मला उगाचच वाटते.

किर्लोस्करवाडीवर सगळ्यात वाईट दिवस १९४८ साली आले. तोवर शेजारच्या कुंडलमधून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा कारभार चालून गेला होता, आणि देश स्वतंत्र झाला होता. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण, म्हणून साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटली. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला. जाळपोळ झाली, कारखान्याचे फार मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कारभारातून ते १९३५च्या सुमारासच बाजूला झाले होते. ज्या गावात शिवाशिव नव्हती, त्याच गावावर जातीच्या नावाने आग आली, याचे दुःख त्यांना कसे वाटले असेल याची कल्पनाच करायची.

या आगीबद्दल मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडून दोन तऱ्हेने ऐकले आहे. काहींच्या मते ते निव्वळ लुटालूट करणारे लोक होते. काहींच्या मते वाडीतल्या दिव्यांकडे भोवतालची अंधारी गावे अनेक वर्षे बघत होती. दुसरे म्हणणे आगीचे समर्थन होऊ शकत नाही, पण ते कानाआडही करवत नाही. चांगली घरे, शाळा, नळ असलेले एक गाव, आणि कुंपणापलीकडे तसे काहीच नसलेली दहा गावे. कारखान्याची वाडी कितीही आदर्श असली तरी तिला हद्द असते. बेळगावहून आलेल्या पंचवीस कुटुंबांना घर मिळाले, नंतर आलेल्या अनेकांनाही मिळाले. पण जो कारखान्यात नव्हता, त्याच्यासाठी ती हद्द १९१०मध्ये जिथे होती तिथेच राहिली. इतके असूनही, कोणाला किती घरे दिली याचा जो हिशेब लक्ष्मणरावांकडे होता, तेवढा आमच्या वसाहतीत मला कुठेच सापडला नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. शंतनुरावांनी तो उभा केला. तोवर कुटुंबाचा पसारा हरिहर आणि पुण्यापर्यंत गेला होता आणि वाडी ही अनेक ठिकाणांपैकी एक झाली होती. तरी पुढे शंतनुरावांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नाव दिले ते निवडुंग आणि गुलाबांचे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. पंप तिथे आजही बनतात. आमचे वडील निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम तिथे उतरले होते. कारखाना पाहायची त्यांना हौस नव्हती, तसले चाळीस वर्षे पाहिले होते. त्यांनी घरांच्या रांगांमधून एक चक्कर मारली, नळ कुठे आहेत, गटारे कशी काढली आहेत ते बघितले, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या बैठकीत त्यांनी गटाराच्या उताराचा विषय काढला.